न्हाणीघरापासून टेबलापर्यंत

पहाटे ५.४०

फोनवर एक्स-रे आलाय. डोळे चोळत, दोन बोटांनी ताणून मोठा करतो. उजवा खुबा. मांडीच्या हाडाच्या माथ्याखाली, दोन उंचवट्यांमधून तिरपी गेलेली भेग, लहान उंचवटा सुटून बाजूला पडलेला. इंटरट्रोकॅन्टरिक फ्रॅक्चर. खाली निवासी डॉक्टरने लिहिलंय : ‘वय ७८, स्त्री, न्हाणीघरात घसरून पडल्या, मंगळवारी.’

आज गुरुवार. एक्स-रेपेक्षा मला तो ‘मंगळवारी’ जास्त सलतो.

फोन लावतो. “सर, मंगळवारी संध्याकाळी पडल्या. रात्री तेल लावून झोपवलं. बुधवारी हाडवैदाला दाखवलं, त्यांनी मुरगळलंय म्हणून पट्टी बांधली. काल रात्री अकराला आपल्याकडे आल्या.”

“दुखणं?”

“जांघेत ब्लॉक दिलाय सर. झोपल्यात.”

चला, एवढं तरी झालं. मी शिकत होतो तेव्हा असा पाय वजन लटकवून ताणून ठेवायचो आणि म्हातारं माणूस ऑपरेशन होईपर्यंत कण्हत पडायचं. आता आमचे भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई घालतात आणि वीसेक मिनिटांत आजी कूस बदलू देते. ज्या डॉक्टरला ही एक सुई येते त्याची मी दहा चांगल्या प्लेटांपेक्षा जास्त किंमत करतो.

हाडवैदांवर मी सरसकट चिडत नाही. ते गावात असतात, रात्रीअपरात्री भेटतात, आणि निखळलेला खांदा बसवण्यात काहींची बोटं आमच्या पोरांपेक्षा तयार असतात. चीड येते ती आवळून बांधलेल्या बांबूच्या कांबींची, ज्याखाली लहान मुलाच्या हाताचा रक्तपुरवठा तुटतो आणि बोटं कायमची आखडतात. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी हे १८८१ साली लिहून ठेवलंय. तसा हात मी अजूनही अधूनमधून बघतो.

सकाळी ७.००

राउंड. जानेवारी आहे, कारखान्यांचं गाळप जोरात, त्यामुळे पुरुष वॉर्डात बहुतेक पाय ऊसवाहतुकीतले. ट्रॉली उलटली, बैलगाडीचं चाक गेलं, दुचाकी रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीत घुसली.

सात नंबरच्या खाटेवरचा पोरगा ‘पिंजरा’ लावून बसलाय. वॉर्डात इलिझारोव्हच्या रिंगला सगळे पिंजराच म्हणतात. त्याच्या नडगीचा साडेचार सेंटिमीटरचा तुकडा संसर्गात गेला. वरचं चांगलं हाड कापून आम्ही ते हळूहळू खाली सरकवतोय, मागे राहणाऱ्या फटीत नवं हाड भरून येतंय. दिवसाला १ मिलिमीटर, तोही एकदम नाही, पाव-पाव चार वेळा. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये गाव्रिइल इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात हे काम उभं केलं आणि पश्चिमेकडच्या सर्जनांना ते नीट कळायला १९८० साल उजाडलं. हाडाला घाई चालत नाही. पावऐवजी अर्धा-अर्धा फिरवला तर फटीत हाड धरत नाही, फार सावकाश फिरवला तर वेळेआधीच जुळून बसतं.

“किती वेळा फिरवलास काल?”

“चार. सकाळी सहा, बारा, सहा, बारा. आयच्या फोनात गजर लावलाय.”

त्याच्या आईने उशाच्या वहीत चौकटी आखून खुणा केल्यात. चाळीस दिवसांत एकही चौकट रिकामी नाही.

आजींच्या खाटेशी त्यांचा नातू उभा. पांघरूण बाजूला केलं की निदानाला एक्स-रे लागत नाही : उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड, आणि पाऊल बाहेरच्या अंगाला पार आडवं पडलेलं. “डॉक्टर, वय झालंय. ऑपरेशन झेपंल का तिला?” हा प्रश्न रोजचा. उत्तरही रोजचंच : न करणं त्यांना झेपणार नाही. खुबा मोडून पडून राहिलेलं माणूस हाडाने जात नाही. न्यूमोनियाने जातं, पाठीवरच्या जखमांनी जातं, पायातल्या रक्ताच्या गुठळीने जातं.

हिमोग्लोबिन ९.२, साखर १८०, ईसीजी वयाला शोभेल असा. फिजिशियन मॅडमनी रात्रीच बघून ठेवलंय. “पहिली केस आजी,” मी सिस्टरना सांगतो. यादीत पहिलं नाव एका खांद्याचं होतं. खांदा थांबू शकतो.

सकाळी ८.१०

गुरुवार म्हणजे जर्नल क्लब. चहा, पोहे, आणि एका निवासी डॉक्टरने एक शोधनिबंध मांडायचा. बाकीच्यांनी त्याची साल काढायची.

आजचा निबंध योगायोगाने खुब्याचाच : ‘हिप अटॅक’, २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. १७ देश, २,९७० रुग्ण, भारतातली हॉस्पिटलंही त्यात. निम्म्यांना निदानानंतर सरासरी ६ तासांत टेबलावर घेतलं, निम्म्यांना नेहमीच्या वेळेत, म्हणजे साधारण २४ तासांत. ९० दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण एका गटात ९ टक्के, दुसऱ्यात १०. म्हणजे फरक नाही. पण लवकर घेतलेल्यांना भ्रम कमी झाला, लघवीचा संसर्ग कमी झाला, आणि ते लवकर उठून उभे राहिले.

“म्हणजे सर, घाई करून उपयोग नाही,” एकजण म्हणाला.

“त्यांचं घड्याळ कधी सुरू होतं?” मी विचारलं.

कागद उलटेपालटे झाले. निदान झाल्यापासून. हॉस्पिटलच्या दारात आल्यावर, एक्स-रे काढल्यावर. आमच्या आजींचं घड्याळ मंगळवारी संध्याकाळी न्हाणीघरात सुरू झालं. आत्ता ३८ तास झालेत, त्यातले २९ आम्ही त्यांना बघायच्या आधीचे. सहा की चोवीस हा वाद ज्यांच्या दारात ॲम्ब्युलन्स वेळेवर येते त्यांच्यातला. संशोधन खोटं नाही, चांगलंच आहे. फक्त निबंध वाचताना घड्याळ कुठून लावलंय ते आधी बघायचं, एवढंच पोरांना शिकवायचं होतं. पोहे मात्र आज गार होते.

सकाळी ९.१५

लेड ॲप्रन, गळ्याभोवती शिशाची पट्टी. हे ओझं दिवसभर वागवून आम्हा हाडांच्या डॉक्टरांचीच पाठ जाते, ते कुणी लिहीत नाही.

आजींना मणक्यातून भूल. चिरा द्यायच्या आधी शिरेतून ट्रॅनेक्झामिक ॲसिड, रक्त कमी जावं म्हणून. स्वस्त औषध, जुनं औषध. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या शाखेत आलेल्या खऱ्या उपयोगी गोष्टींमध्ये मी त्याला वरचा नंबर देतो. मग फ्रॅक्चर टेबलावर पाय बुटात बांधला, ताण दिला, किंचित आत वळवला. सी-आर्मच्या पडद्यावर हाडाचे दोन तुकडे एकमेकांजवळ आले. समोरून बघितलं तर सुरेख. बाजूने बघितलं तर खालचा तुकडा मागे झोललेला.

खरी केस इथे असते. नवे लोक खिळ्याची कंपनी, स्क्रूचा आकार यावर चर्चा करतात, पण वाकडं जुळवलेलं हाड जगातला कुठलाच खिळा सरळ करत नाही. मदतनिसाने मांडीखालून तळहाताने उचलून धरलं, मी बोटभर छेदातून एक पातळ अवजार सरकवून तुकडा पुढे ढकलला. “लॅटरल द्या.” आता जुळलं. “धरून ठेवा, श्वास घ्या, पण हात हलवू नका.”

मोठ्या उंचवट्याच्या टोकातून वायर, मग रीमर, मग हाडाच्या पोकळीत खिळा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं हाड रीमरला विरोधच करत नाही, भिजलेल्या भुशातून जावं तसा तो जातो. आता खिळ्यातून तिरका, हाडाच्या गोलात जाणारा जाड स्क्रू. त्याची वायर आधी. पडद्यावर बघितलं : समोरून चार मिलिमीटर वर.

निवासी डॉक्टर माझ्याकडे बघतो. चालेल का? चाललं असतं, कदाचित. १९९५ साली बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी एक साधं माप दिलं : स्क्रूचं टोक आणि गोलाचं शिखर यांतलं अंतर, दोन्ही चित्रांतलं मिळून, २५ मिलिमीटरच्या आत ठेवा, म्हणजे स्क्रू हाड फाडून वर यायची भीती फार कमी. ना यंत्र लागतं, ना पैसे. वायर काढली. पुन्हा घातली. या वेळी दोन्ही चित्रांत मधोमध, जरा खालच्या अंगाला. माप १९.

खिळ्याची कल्पना गेरहार्ड क्युन्ट्शर यांची, जर्मनीतल्या कील शहरातली, १९३९ सालची. मांडीच्या पोकळीत पोलाद ठोकायचं ऐकून त्यांच्याच देशातले प्राध्यापक खवळले होते. मग युद्धकैदी घरी परतले, आणि एक्स-रेत मांडीभर धातू बघून दोस्त राष्ट्रांच्या डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. त्या धातूवर ती माणसं चालत आली होती.

पन्नास मिनिटं. तीन छेद, सगळ्यात मोठा तर्जनीएवढा.

दुपारी १२.१०

जेवायला बसणार तोच कॅज्युअल्टी. ऊसतोडीच्या टोळीतला बावीस वर्षांचा मुलगा, नडगी मोडून हाड कातडीबाहेर, जखमेत माती आणि उसाचं पाचट. अँटिबायोटिक दारातच दिलंय, आल्यापासून बारा मिनिटांत. याबद्दल मी कॅज्युअल्टीतल्या ब्रदरना मनातल्या मनात नमस्कार करतो. उघड्या फ्रॅक्चरमध्ये कुठला खिळा वापरला यापेक्षा पहिली मात्रा किती लवकर गेली हे जास्त महत्त्वाचं.

टेबलावर धुणं. पूर्वी आम्ही जोरदार फवाऱ्याचं यंत्र आणायचो, कुणी साबणाचं पाणी वापरायचं, कुणी अजून काही. २०१५ साली ‘फ्लो’ नावाची चाचणी आली. सुमारे अडीच हजार रुग्ण, आपल्याकडचेही त्यात. साबण वापरलेल्यांना पुन्हा ऑपरेशन जास्त वेळा लागलं, सलाईनवाल्यांना कमी. पाण्याच्या दाबाने काही फरक पडला नाही. म्हणजे स्टँडला टांगलेली सलाईनची बाटली, जाड नळी, आणि धीर. नऊ लिटर सलाईन गेलं. पाचटाचे तुकडे चिमट्याने एकेक काढले. मेलेला स्नायू कापला; जिवंत स्नायू चिमटीत धरला की आकसतो, रंग धरतो, रक्त देतो. हे ओळखायला कुठलंही यंत्र नाही. बाहेरून फिक्सेटर. कातडी आज शिवायची नाही, परवा पुन्हा बघायचं.

डबा अडीचला उघडला. भाजीची चव लागली नाही.

दुपारी ३.००

ओपीडी. आज गुडघ्यांचा दिवस. तसा रोजच असतो.

पहिले एक गुरुजी, चौपन्न वर्षांचे, हातात एमआरआयचं मोठं पाकीट. “रिपोर्टमध्ये गादी फाटलीय म्हणून लिहिलंय. दुर्बिणीने साफ करायचं म्हणे.” गुडघा बघितला. अडकत नाही, पूर्ण सरळ होतो, थोडी सूज, जिना उतरताना दुखतं. त्यांना मी सांगितलं की पन्नाशीपुढच्या माणसांचे गुडघे एमआरआयमध्ये घातले तर गादी फाटलेली बऱ्याच जणांची निघते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ९९१ लोकांचे असे एमआरआय काढले होते, २००८ साली ते छापून आलं. ज्यांची गादी फाटलेली निघाली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात काही दुखतच नव्हतं.

“मग दुखतंय ते?”

“मांडीचा स्नायू गेलाय. तीन महिने व्यायाम.”

चेहरा पडला. माणूस ऑपरेशन मागायला येतो आणि आपण त्याला रिकाम्या हाताने पाठवतो, असं त्याला वाटतं. आपल्यालाही कधीकधी वाटतं.

इथे एक कबुली. ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांनी १८० झिजलेल्या गुडघ्यांवर प्रयोग केला होता : काहींना दुर्बिणीतून खरंखुरं धुणं-तासणं, काहींना नुसतेच कातडीवर छेद. दोन वर्षांनी दोघे सारखेच. हे छापून आलं २००२ साली. मी तेव्हा नवा होतो, दुर्बीण नवी होती, कर्जही नवं होतं. पुढची सात-आठ वर्षं मी गुडघे धूतच राहिलो. ‘आमचे रुग्ण वेगळे’ हे वाक्य मी स्वतः वापरलंय. २०१३ साली फिनलंडमधल्यांनी फाटलेल्या गादीवर तसाच प्रयोग केला, १४६ रुग्णांवर, खोट्या ऑपरेशनशी तुलना करून. तेच उत्तर आलं. तोवर मी थांबलो होतो. खेळताना गुडघा पिळवटून कायमचा अडकलेला विशीतला मुलगा आला, तर दुर्बीण आजही काढतो आणि गादी शिवतो. झिजलेला गुडघा धूत नाही.

मग एक मावशी, सहासष्ट वर्षांच्या, दोन्ही पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले, मुलगा पुण्यात आयटीत. या मावशींचे सगळे व्यायाम, सगळ्या गोळ्या, दोन ‘वंगणाची’ इंजेक्शनंही करून झालीत. (वंगणाच्या इंजेक्शनांवर माझा फारसा विश्वास नाही. खिशाला जेवढं कळतं तेवढं गुडघ्याला कळत नाही.) एक्स-रेत हाड हाडाला घासतंय. यांना वाटी बदलायलाच हवी, आणि बदलल्यावर त्या मला दिवाळीला लाडू आणून देतील. चांगल्या रुग्णात या ऑपरेशनएवढं समाधान देणारं फार थोडं आहे.

“रोबोट आहे का तुमच्याकडे?” मुलाने विचारलं.

“नाही.”

“मग अचूकता?”

प्रश्न वाजवी आहे. रोबोटने हाडाचे काप कोनात नेमके येतात, हे खरं. पण सोलच्या डॉ. किम यांनी तेराशेहून जास्त रुग्णांना चिठ्ठ्या टाकून वाटून सरासरी १३ वर्षं बघितलं : चालणं, दुखणं, सांधा टिकणं, कशातच फरक नाही. ते जुन्या पिढीचं यंत्र होतं. नव्यांचे आकडे येतील तेव्हा बघू. तोवर यंत्राचा हप्ता मावशींच्या बिलात घालायची माझी तयारी नाही. २०००मध्ये मुंबईत ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी वाजपेयींचा गुडघा बदलला, आणि ‘वाटी बदलणे’ हा शब्द गावोगावी गेला. २०१७च्या ऑगस्टमध्ये सरकारने सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा संच ५४,७२० रुपये अधिक जीएसटी, आणि शेतकऱ्याच्या आईला तो परवडायला लागला. माझ्या ओपीडीत रोबोटपेक्षा या आकड्याने जास्त माणसं उभी केली.

“खाली मांडी घालून बसता येईल का?” मावशींचा एकच प्रश्न. नेहमी हाच असतो. “नाही बसायचं. पण देवळात चालत जाल.” त्या विचार करून कळवणार आहेत.

संध्याकाळी ५.१५

प्लास्टर रूममध्ये एकवीस दिवसांचं बाळ. दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे बघणारे. आईवडील बीडकडचे, ऊसतोडीला आलेले, खोपीवर राहणारे.

आई स्टुलावर बसून बाळाला पाजते, पीत असलेलं बाळ पाय सैल सोडतं. मी अंगठ्याने घोट्याच्या हाडाचा उंचवटा शोधतो, त्यावर टेकू धरून पाऊल हळूच बाहेर नेतो. जोर अजिबात नाही. कापसाचा पातळ थर, मग ओलं प्लास्टर, आधी गुडघ्याच्या खाली, ते वाळलं की मांडीपर्यंत. प्लास्टर वाळताना कोमट होतं, त्या उबेने बाळ झोपून गेलं. दर आठवड्याला असं एक, पाच-सहा झाली की बऱ्याच बाळांची टाचेची शीर सुईएवढ्या पात्याने मोकळी करायची, संपलं.

इग्नासिओ पोन्सेटी आयोवामध्ये हे १९४०च्या दशकाच्या शेवटापासून करत होते. १९६३ साली त्यांनी लिहिलं, आणि जगाने ३०-३५ वर्षं दुर्लक्ष केलं. त्या काळात आम्ही सर्जन लोक अशा पावलाला आतून-मागून उघडून सगळे अस्थिबंध कापत होतो. दिसायला पाऊल सरळ व्हायचं, पंचविशीत ताठर आणि दुखरं. शिकताना मी अशा वीसेक केसेसमध्ये हात धरलेत. एक मुलगा मागे भेटला होता, त्याचा एसटीच्या पायरीवर चढतानाचा पाय बघून मी ओळखलं.

प्लास्टरचा प्रश्न नाही. प्रश्न बुटांचा. शेवटचं प्लास्टर निघाल्यावर दांडीला जोडलेले बूट तीन महिने दिवसाचे २३ तास, मग बाळ चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. मार्चमध्ये कारखाना बंद होईल, टोळी गावी जाईल. मी त्यांच्या तालुक्याच्या जवळच्या डॉक्टरचा नंबर मुकादमाच्याही फोनमध्ये घालून दिला. बाळाच्या बापाचा फोन कधी चालू असेल सांगता येत नाही, मुकादमाचा नेहमी चालू असतो.

संध्याकाळी ७.००

आजी उशीला टेकून बसल्यात, चहात बिस्कीट बुडवताहेत. पावलं हलवून दाखवली. “हितं काय लोखंड घातलंस व्हय रं?” “व्हय आज्जी. उद्या सकाळी त्याच्यावर उभं राहायचं.” “आनि पडले तर?”

त्या पुन्हा पडल्या तर, या प्रश्नाचं उत्तर माझ्या खिळ्यात नाही. हाड विरळ आहे, दुसरा खुबा रांगेत उभा आहे. म्हणून नातवाला बाहेर नेऊन बोललो. आरोग्यमित्राने योजनेचे कागद केलेत, त्याची काळजी नको. पण दोन आठवड्यांनी, ड जीवनसत्त्व भरून झालं की झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन, वर्षातून एकदा. खुबा मोडलेल्या दोन हजारांवर रुग्णांत याचा अभ्यास झाला, २००७ साली छापून आला. पुढची फ्रॅक्चरं ३५ टक्क्यांनी कमी, आणि मृत्यूही २८ टक्क्यांनी. तरी खुबा बसवून घरी पाठवलेल्या किती रुग्णांना आम्ही हाडाचं औषध लिहून देतो? माझ्या जुन्या फायली काढल्या तर मला लाज वाटेल.

“न्हाणीघर दाखव,” मी त्याला म्हटलं. फोनमध्ये फोटो होता, कुठल्याशा बारशाच्या वेळचा, मागे दार उघडं. गुळगुळीत शहाबादी फरशी, आत जायला सहा इंचाची पायरी, धरायला काही नाही. आजी नळाला धरून उठायच्या. मंगळवारी नळ फिरला.

रात्री ९.४०

उद्याची यादी सिस्टरना पाठवली : आधी आजचा राहिलेला खांदा, मग मनगटाची प्लेट. दोनच.

ज्यांच्या घरी साठीच्या पुढचं कुणी आहे त्यांना एक विनंती. या रविवारी न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला एकेक आडवी दांडी बसवून घ्या, कमरेच्या उंचीवर. स्टेनलेस स्टीलची, दीड-दोन फुटांची, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. टॉवेल टांगायची नको, ती भार घेत नाही. भिंत ठोकून बघा, पोकळ टाइलमध्ये नको, विटेत पक्की बसायला हवी. चार-सहा स्क्रू लागतात. प्लंबर अर्ध्या तासात लावून देतो.